गाई-म्हशींचे आजार, उपचार आणि संशोधन : ठाणे–नवी मुंबईतील पशुपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीतील दोन-चार जनावरांच्या गोठ्यापासून भिवंडी-कल्याणच्या मोठ्या तबेल्यांपर्यंत, आणि नवी मुंबईच्या जुन्या गावठाणांत अजून टिकून असलेल्या एखाद्या गाईपर्यंत, प्रश्न निरनिराळ्या तोंडून येतात, पण फिरून फिरून तेच असतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. औषधांची मात्रा मुद्दामच दिलेली नाही, कारण ती वजनावर, गाभणपणावर आणि मुख्य म्हणजे निदानावर ठरते. यातील निम्म्याहून अधिक प्रश्न निदानाच्या आधी टोचलेल्या सुईमुळे निर्माण झालेले आहेत, हे वाचताना लक्षात येईलच.

१. जनावर खरोखर आजारी आहे की नुसते सुस्तावले आहे, हे डॉक्टर येण्यापूर्वी कसे ओळखावे?

सर्वांत आधी रवंथ पाहावी. निरोगी जनावर खाऊन झाल्यावर निवांत बसून रवंथ करते. ती थांबली की काहीतरी बिघडले आहे असे समजावे. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरल्यास दोन मिनिटांत साधारण दोन ते चार वेळा पोट हाताला ढकलल्यासारखे जाणवते. गाईचे तापमान सर्वसाधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते आणि ते गुदद्वारात थर्मामीटर ठेवूनच मोजावे. कानाला हात लावून ताप सांगण्याची पद्धत विश्वासार्ह नाही. म्हशीच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी असल्यामुळे उन्हातून आलेल्या म्हशीचे तापमान आजाराविनाही चढलेले दिसते. ते सकाळी किंवा सावलीत तासभर उभी केल्यानंतर घ्यावे. डॉक्टरांना फोन करण्यापूर्वी तापमान, चारा-पाणी, शेणाचा पातळपणा, लघवीचा रंग आणि मागच्या दोन धारांचे दूध या पाच गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. या नोंदीमुळे निदानाचा अर्धा रस्ता फोनवरच पार होतो.

२. आमच्या भागात सरकारी दवाखाना लांब आहे. कोणाला बोलवावे?

१९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी नोंदवता येते. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, कारण रात्री मोबाईलमधला क्रमांक नेमका सापडत नाही. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असल्यास तो क्रमांकही सांगावा. लसीकरणाच्या आणि उपचारांच्या नोंदी त्याच क्रमांकावर असतात.

३. कोणत्या लशी कधी द्याव्यात?

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे साधारणपणे मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी द्याव्यात. आपल्याकडे पहिला जोरदार पाऊस आणि घटसर्पाची पहिली बातमी यांच्यात फारसे अंतर नसते. लाळ्या-खुरकुताची लस चार महिन्यांवरील सर्व जनावरांना दर सहा महिन्यांनी द्यावी लागते आणि पहिल्यांदाच दिली असेल तर महिन्याभराने वर्धक मात्रा घ्यावी. लंपीची लस वर्षातून एकदा दिली जाते. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेल्लोसिसची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. ती नरांना किंवा गाभण जनावरांना देऊ नये, कारण लशीतील जंतू दुर्बल केलेले असले तरी जिवंत असतात. त्यांच्यामुळे गाभण जनावराचा गर्भपात होऊ शकतो, वळूच्या वृषणाला सूज येऊ शकते आणि प्रौढ जनावरात पुढील रक्ततपासणीचा निष्कर्षही फसवा येतो. ही लस टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे; चुकून स्वतःला सुई लागल्यास त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जावे.

४. लस दिली होती, तरीही लाळ्या-खुरकूत झाले. मग लशीचा उपयोग काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. बुळकांडी हा एके काळचा सर्वांत भयंकर रोग लसीकरणानेच नाहीसा झाला आणि २०११मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९मध्ये पुण्यात एका लहान प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली, तेव्हा बुळकांडी हेच देशातील जनावरांवरचे मोठे संकट होते. त्या विषाणूचा रक्तजलीय प्रकार (म्हणजे लशीच्या दृष्टीने वेगळा मोजला जाणारा प्रकार) एकच होता आणि एकदा नीट दिलेली लस जवळजवळ जन्मभर पुरत असे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू तसा नाही. जगात त्याचे सात प्रकार नोंदले गेले. भारतात सध्या ओ, ए आणि एशिया-१ हे तीन आढळतात आणि लशीत तिघांचाही समावेश असतो, परंतु एकाच प्रकारातही विषाणू हळूहळू रूप बदलत राहतो. शिवाय या लशीने येणारी प्रतिकारशक्ती काही महिन्यांतच ओसरते. त्यामुळे फिरत असलेल्या विषाणूशी लशीतील वाण जुळतो का, याची तपासणी संशोधकांना सतत करावी लागते. त्यासाठी लागणारे नमुने आजारी गोठ्यातूनच मिळतात (प्रश्न १९ पाहा).

दुसरी कारणे आपल्या हातातली आहेत. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच टिकते. बर्फाची पेटी उघडी ठेवून दुपारभर गावात फिरवलेली लस टोचून काहीही हाती लागत नाही आणि गोठलेली लसही निकामी होते. लस टोचल्यानंतर संरक्षण निर्माण व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि शेजारच्या गोठ्यात आजार आल्यावर धावत टोचून घेतलेली लस बहुधा उशिराच पोचते. तबेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. तेथे आटलेली म्हैस जाते आणि हरियाणा किंवा गुजरातेतून ताजी व्यालेली म्हैस येते, त्यामुळे कळपातील काही जनावरे नेहमीच लशीविना असतात. नव्या जनावराला आल्या दिवशीच रांगेत बांधण्याऐवजी तीन ते चार आठवडे वेगळे ठेवावे. म्हसा यात्रेच्या बाजारातून आणलेल्या बैलालाही हाच नियम लागू होतो. जागा नाही, हे कारण मला मान्य आहे, पण विषाणूला ते मान्य नसते.

५. लंपी म्हशींना होतो का? आणि लंपी झालेल्या गाईचे दूध प्यावे का?

म्हशींना लंपी होऊ शकतो, परंतु गाईंच्या तुलनेत फार कमी प्रमाणात आणि बहुधा सौम्य स्वरूपात होतो. हा आजार माणसाला होत नाही. दूध उकळून पिण्यास विषाणूच्या दृष्टीने हरकत नाही. जनावराला प्रतिजैविके चालू असल्यास मात्र ते दूध वापरू नये (प्रश्न ९).

आजाराची पहिली नोंद १९२९मध्ये आजच्या झांबियात झाली. भारतात तो २०१९मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२च्या साथीत गुजरात, राजस्थान व महाराष्ट्राला त्याचा मोठा फटका बसला. हा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे, म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देऊन साथ आटोक्यात आणण्याचा मार्ग उपलब्ध होता. हिसार आणि इज्जतनगर येथील संशोधकांनी भारतातील विषाणूपासूनच तयार केलेली लंपी-प्रोव्हॅक-इंड ही लस ऑगस्ट २०२२मध्ये जाहीर झाली.

प्रसार मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत होतो; एडिस इजिप्ती हा डास, जो शहरात डेंग्यू पसरवतो, तोही विषाणू एका जनावरावरून दुसऱ्यावर नेऊ शकतो, हे प्रयोगशाळेत दाखवून देण्यात आले आहे. यावरून गटाराकाठच्या गोठ्याने काय करायचे ते ठरते. गाठींना हळद लावण्याइतकेच शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर हलवणेही महत्त्वाचे आहे. गाठी फुटल्यावर जखमेत अळ्या पडू न देणे, ताप उतरवणे, पाणी पाजणे आणि दुय्यम जंतुसंसर्ग रोखणे एवढेच उपचारांचे स्वरूप आहे. विषाणूवर थेट चालणारे औषध म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नये.

६. संकरित गाईला १०५ ताप आहे. गोचीड ताप समजून इंजेक्शन दिले, पण उतरत नाही. का?

गोचिडांमुळे येणारे आजार एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. थायलेरियामध्ये ताप खूप चढतो आणि खांद्यासमोरची गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी हाताला लागते. बबेसियामध्ये लघवी कॉफीसारखी लालसर होते. अनाप्लाझ्मामध्ये जनावर पांढरे फटक पडते, पण लघवीचा रंग बदलत नाही. थायलेरियावर बुपार्वाक्वोन, बबेसियावर डायमिनाझिन आणि अनाप्लाझ्मावर टेट्रासायक्लिन वर्गातील औषध चालते. यांपैकी एकाचे औषध दुसऱ्यावर फारसे उपयोगी पडत नाही. कित्येक ठिकाणी तिन्ही एकामागून एक टोचली जातात. गाय वाचली तर कशाने वाचली ते कळत नाही, आणि पुढच्या गाईच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

उपाय साधा आहे. कानाच्या टोकाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरवावा, हवेत वाळवावा आणि पट्टी डॉक्टरांकडे पाठवावी. ही पट्टी पहिल्या इंजेक्शनच्या आधी घेतली पाहिजे. रंगवलेल्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीत बबेसियाचे जोडीने बसलेले पेअरच्या आकाराचे परजीवी दिसले की वाद उरत नाही. थायलेरियासाठी सुजलेल्या गाठीतील द्रवाची पट्टीही घेतात आणि तिच्यातील निळसर कण डॉक्टर चटकन ओळखतात. गोचीड रोग पसरवतात हे अमेरिकेतील स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३मध्ये बबेसियावरच्या अभ्यासातून सिद्ध केले. सव्वाशेहून अधिक वर्षे होऊनही आपण गाईच्या अंगावरचेच गोचीड मोजत बसतो, आणि अंडी व पिल्ले तर गोठ्याच्या भिंतींच्या फटींत असतात. फटी बुजवणे, भिंतींना चुना लावणे आणि गोचीडनाशक वर्षानुवर्षे तेच न वापरणे आवश्यक आहे, कारण सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन यांना न जुमानणारे गोचीड भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत. देशी गाई आणि म्हशी या आजारांना बऱ्याच अंशी तोंड देतात; जर्सी व होल्स्टीन रक्ताची गाय तितकी तग धरत नाही.

७. पावसाळा संपल्यावर बैलाच्या जबड्याखाली सूज आली आहे. हा घटसर्प आहे का?

सुजेवर अंगठा दाबून पाहावा. सूज थंड व मऊ असेल, अंगठा उचलल्यावर खळगा काही वेळ तसाच राहत असेल, ताप नसेल आणि जनावर गेल्या महिनाभरात खंगत गेले असेल, तर ती यकृतातील पर्णकृमींमुळे आलेली असण्याची शक्यता अधिक आहे. घटसर्पाची सूज गरम व दुखरी असते, श्वास घरघरतो, ताप तीव्र असतो आणि एका-दोन दिवसांत जनावर दगावते; तशी लक्षणे असल्यास हे पान वाचत न बसता फोन करावा.

पर्णकृमी हा भातखाचरांचा आजार आहे. त्याची पिल्ले गोगलगाईच्या पोटात वाढतात, पाण्यात बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवतावर चिकटून राहतात. पाणी ओसरू लागल्यावर खाचराच्या कडेचे कोवळे हिरवे गवत जनावर आवडीने खाते, आणि तेच त्याला भोवते. येथे शेणाच्या तपासणीतील एक खाच सांगायला हवी. कृमी पोटात गेल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जातो, म्हणून दिवाळीच्या सुमारास अंडी आढळली नाहीत याचा अर्थ कृमी नाहीत असा होत नाही. औषधेही दोन तऱ्हेची आहेत. काही फक्त मोठ्या कृमींवर चालतात, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही चालते. कोणते कधी द्यायचे हे डॉक्टरांनी महिना पाहून ठरवावे. भात जरा वरून कापून पेंढा कडक वाळवून ठेवल्यास धोका बराच कमी होतो.

८. कासेला सूज नाही, दूधही पांढरेच आहे, तरी डॉक्टर कासदाह म्हणतात. हे कसे?

हा सुप्त कासदाह होय, आणि तबेल्याचे खरे नुकसान तोच करतो, कारण दूध रोज थोडे थोडे कमी होत जाते व कोणाच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्निया कासदाह चाचणी १९५७पासून वापरात आहे आणि आजही तिच्याइतकी स्वस्त दुसरी चाचणी नाही. चार वाट्यांच्या थाळीत चारही सडांचे थोडे थोडे दूध घेऊन त्यात तितकेच द्रावण मिसळतात आणि थाळी गोल फिरवतात. निरोगी सडाचे दूध पाण्यासारखे फिरत राहते. बाधित सडाचे दूध घट्ट होऊन वाटीच्या मध्यभागी शेंबडासारखे गोळा होते. एकदा ते डोळ्यांनी पाहिलेला गवळी पुन्हा हा प्रश्न विचारत नाही.

कोणता जंतू आहे हे दुधाच्या संवर्धन तपासणीवरूनच कळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेच्या पेशींत दडून बसतो आणि दुभत्या काळात दिलेल्या औषधांना बऱ्याचदा दाद देत नाही; अशा वेळी भाकड काळात सडात औषध भरून ठेवण्याचा मार्ग अधिक फलदायी ठरतो. धार काढल्यानंतर सडाचे तोंड अर्धा तास तरी उघडे असते. त्या वेळात जनावर शेणात बसू नये म्हणून धार झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाकावी आणि सड जंतुनाशकात बुडवावेत. याला खर्च जवळजवळ नाही, आणि कदाचित म्हणूनच कोणी ते गंभीरपणे घेत नाही.

९. प्रतिजैविक दिल्यावर दूध किती दिवस विकू नये? उकळले तर चालते का?

औषधाच्या वेष्टनावर दूध टाकून देण्याचा कालावधी छापलेला असतो आणि तो पाळणे बंधनकारक आहे. असा कालावधी ठरवलेला नसल्यास औषधविषयक नियमांनुसार दुधासाठी तो किमान ७ दिवस धरावा लागतो. उकळल्याने जंतू मरतात, परंतु बहुतेक प्रतिजैविकांचे अंश पूर्णपणे नष्ट होत नाहीत. मिठाईवाल्याने विरजण लागत नसल्याची तक्रार केली, तर बऱ्याचदा त्याचे मूळ असे दूध असते, कारण औषध दह्याचे जंतूही मारते. एका सडाला औषध दिले तरी चारही सडांचे दूध बाजूला ठेवावे. औषध रक्तामार्गे इतरत्र पोचते. माणसांसाठी राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या औषधाचा जनावरांतील वापर २०१९पासून भारतात बंद आहे.

१०. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप कासदाहावर चालतो का? की ती अंधश्रद्धा आहे?

अंधश्रद्धा नाही. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम खाण्याचा चुना एकत्र वाटून पाण्यात पातळ करून कासेला दिवसातून अनेक वेळा लावण्याच्या या कृतीचा प्रसार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही केला आहे. सौम्य आणि नुकत्याच सुरू झालेल्या कासदाहात ती करून पाहण्यास हरकत नाही, आणि दूध टाकून द्यावे लागत नाही हा तिचा मोठा फायदा आहे. परंतु जनावराला ताप असेल, कास निळसर व थंड पडत असेल किंवा दुधाऐवजी लालसर पाणी येत असेल, तर लेपावर वेळ घालवू नये. औषध वनस्पतीचे असो वा कारखान्यातले, कसोटी एकच असावी. ते दिलेली आणि न दिलेली अशी सारखीच जनावरे शेजारी शेजारी ठेवून फरक पाहिला आहे का, हे विचारावे.

११. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी म्हैस बसली, मान पोटाकडे वळवली आहे. काय करावे?

हा बहुधा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटणे होय. नाव ज्वर असले तरी ताप नसतो. उलट अंग थंड पडते. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उठून उभे राहणारे जनावर पाहणे हा पशुवैद्यकातील मोजक्या सुखद प्रसंगांपैकी एक आहे. सावकाश या शब्दाला येथे महत्त्व आहे. भराभर सोडलेले कॅल्शियम हृदय बंद पाडते, म्हणून मेडिकलमधून बाटली आणून स्वतः लावू नये. तोंडातून काहीही पाजू नये, कारण अशा अवस्थेत ते फुप्फुसात जाते.

१२. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचल्यास दूध विषारी होते का?

ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, त्यामुळे दूध विषारी होण्याची जी भीती पसरवली जाते तिला भक्कम आधार नाही. आक्षेप दुसरा आहे. रोज सुई घेणारी म्हैस हळूहळू सुईशिवाय पान्हा सोडेनाशी होते, तिच्या गर्भाशयावर ताण येतो आणि एकच सुई रांगेतील सर्व जनावरांना वापरल्यास रक्तातून पसरणारे आजारही तबेलाभर जातात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे इंजेक्शन देणे प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. मूळ दुखणे असे आहे की तबेल्यात पारडू जगवले जात नाही. पारडू जगले तर पान्हा आपोआप येतो.

१३. डायक्लोफेनॅक स्वस्त आणि गुणकारी आहे. ते बंद का केले?

गिधाडांमुळे. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. पाकिस्तानातील अभ्यासातून २००४मध्ये हे सिद्ध झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. १९९२ ते २००७ या काळात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५मध्ये त्या ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरत्या मर्यादित केल्या गेल्या. पुढे २०२३मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि २०२४च्या अखेरीस निमेसुलाइड यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही औषधे गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांत दिसले आहे आणि जनावराच्या वेदनेवर ती चांगली चालतात. शेजारच्या रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडे जपण्याचे प्रयत्न झाले आहेत, तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

१४. आमची गाय रस्त्यावर चरते. पोट फुगते, उतरते, पुन्हा फुगते. जंतनाशक देऊनही गुण नाही.

शहरातील मोकाट चरणाऱ्या गाईत हे लक्षण दिसले की आधी प्लास्टिकचा विचार करावा. गाठ मारलेली पिशवी आतल्या शिळ्या अन्नासकट गिळली जाते, पहिल्या पोटात राहते आणि वर्षानुवर्षे अशा पिशव्यांचा दोरखंडासारखा गोळा होतो. तो विरघळवणारे औषध नाही. पोट उघडून काढावा लागतो. तार किंवा खिळा गिळला असल्यास तो दुसऱ्या पोटातून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. अशी गाय उतारावरून खाली येताना कण्हते, कोपरे बाहेर काढून उभी राहते आणि तिच्या गळ्याची शीर फुगलेली दिसते. त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेचा उपयोगही फार कमी होतो.

१५. गोठ्यातून माणसाला कोणते आजार होतात?

ब्रुसेल्लोसिस, क्षयरोग, लेप्टोस्पायरोसिस, काळपुळी आणि रेबीज हे प्रमुख आहेत. दूध उकळल्याने ब्रुसेल्ला आणि क्षयाचे जंतू मरतात, म्हणून धारोष्ण दुधाचा आग्रह सोडावा, मग तो कितीही जुन्या पिढीचा असो. ब्रुसेल्लाचा खरा धोका दुधाहून अधिक गर्भपात झालेल्या जनावराच्या वारेत आणि स्रावांत असतो. वार उघड्या हाताने ओढू नये. ती खोल पुरावी. वारंवार येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम अशी तक्रार असलेल्या पशुपालकाने आपल्या डॉक्टरांना आपण गुरे पाळतो हे आवर्जून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. पुरात उभ्या राहिलेल्या गोठ्यात अनवाणी जाऊ नये.

१६. पिसाळलेला कुत्रा म्हशीला चावला. म्हैस ठणठणीत आहे. दुधाचे काय?

जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजविरोधी लशींची मालिका सुरू करावी. लक्षणे दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. उकळलेल्या दुधातून रेबीज झाल्याचे ज्ञात नाही. निरसे दूध मात्र कोणीही पिऊ नये, आणि प्यायले असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लक्षणे दिसू लागल्यावर दूध अजिबात वापरू नये. सर्वांत मोठी चूक पुढे होते. म्हैस लाळ गाळते, घास गिळत नाही, सतत हंबरते आणि घशात काही अडकले असेल म्हणून मालक कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. असे झाले असल्यास म्हशीचे निदान होण्याची वाट न पाहता माणसाने लस घ्यावी.

१७. जनावर रात्रीत मेले, नाकातोंडातून काळे रक्त येत होते. शवविच्छेदन करून घ्यावे का?

नाही. रक्त न गोठता वाहत असेल आणि शव ताठरत नसेल, तर काळपुळीचा संशय घ्यावा आणि शव उघडू नये. शव बंद असताना जंतू आतच कुजून मरतात. हवा लागली की ते बीजाणू बनतात आणि मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. डॉक्टर कानाच्या शिरेतून पट्टी घेऊन खात्री करतात. शव कातडी न काढता चुन्यासह खोल पुरावे. अन्य आकस्मिक मृत्यूंत शवविच्छेदन अवश्य करून घ्यावे.

१८. व्हिडिओत परदेशातील औषध दाखवतात. तेथे सिद्ध झाले म्हणजे येथेही चालेल ना?

काही वेळा चालते, काही वेळा नाही. परदेशातील बहुतेक प्रयोग थंड हवेतील, भरपूर खुराकावर असलेल्या होल्स्टीन गाईंवर झालेले असतात. पेंढ्यावर आणि ऑगस्टच्या दमट हवेत उभ्या असलेल्या मुऱ्हा म्हशीचे शरीर त्याच मात्रेला त्याच प्रकारे प्रतिसाद देईल असे गृहीत धरता येत नाही. किती जनावरांवर प्रयोग झाला, औषध न दिलेला गट होता का आणि पैसे कोणी पुरवले, हे तीन प्रश्न कोणत्याही दाव्याला विचारावेत. याउलट २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला, तेव्हा दूध तापवल्याने तो निष्क्रिय होतो हा तेथील निष्कर्ष येथेही लागू पडतो, कारण उष्णतेचा परिणाम देश पाहून बदलत नाही.

१९. संशोधनासाठी रक्ताचे आणि दुधाचे नमुने मागायला येतात. द्यावेत का? त्यातून आम्हाला काय मिळते?

ओळखपत्र व संस्थेचे पत्र पाहून द्यावेत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून चालू आहे. पुण्यात औंध येथे राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. निष्कर्ष आपल्याला कळवला जाईल का, हे नमुना देण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि शक्यतो लिहून घ्यावे. एकदा एका गोठ्यातून वीस नमुने नेले गेले आणि अहवाल कधीच आला नाही. पुढच्या वेळी त्या मालकाने कोणालाच उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मला त्याला दोष देता आला नाही.

नमुना बिघडला तर सारेच वाया जाते, म्हणून काही गोष्टी मालकानेही पाहाव्यात. नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घ्यावा. दुधासाठी सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पहिल्या काही धारा टाकून द्याव्यात आणि बाटलीचे बूच हातात धरावे, खाली शेणावर ठेवू नये. रक्ताच्या नळ्या बर्फासोबत ठेवाव्यात, पण बर्फाला चिकटून गोठू देऊ नयेत; मध्ये वर्तमानपत्राची घडी घालावी. बाटलीवर जनावराचा बिल्ला क्रमांक, तारीख आणि आधी दिलेली औषधे पेन्सिलीने लिहावीत. बर्फ वितळला की शाईचे अक्षर पुसून जाते.